खोक्यातली क्लॅरिनेट

३ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिलाय, हुरळून जाऊ नकोस.

इतक्या वर्षांनी दादाला आपली आठवण झाली असं तुला वाटेल. आठवण झालेली नाही, काम पडलंय. आमच्या हॉटेलच्या मॅनेजरनं कॉम्प्युटर आणलाय. हिशेबाला आणला असता तर मला काय त्याचं! पण हा प्राणी त्यानं जेवणाच्या हॉलमध्ये आणून ठेवलाय, माझ्या स्टेजवर, पियानोच्या आडोशाला. त्यात म्हणे एक साउंड कार्ड असतं आणि ते अख्खा वाद्यवृंद वाजवतं. लंबूला त्यानं नारळ दिला. इतकी वर्षं मी क्लॅरिनेट वाजवताना माझ्या डाव्या हाताला बसून पियानो वाजवणारा माणूस घरी, आणि त्याच्या जागी एक राखाडी खोका. पगार खाणाऱ्या माणसापेक्षा वीज खाणारा खोका परवडतो, इति मॅनेजर. या माणसाला गाणं आणि नळाची गळती यांतला फरक कळत नाही.

आता खोका वाजतो कसा ते ऐक. त्यात 'मिडी' म्हणून एक पान उघडतं. त्यावर तीन नावं असतात आणि त्यातलं एक निवडायचं असतं: एफएम सिंथेसिस, वेव्हटेबल सिंथेसायझर आणि एक्स्टर्नल मिडी पोर्ट. मॅनेजरला 'एक्स्टर्नल' हा शब्द भारदस्त वाटला, म्हणून त्यानं तो लावला. संध्याकाळी खोका दिमाखात सुरू झाला आणि हूं नाही की चूं नाही. पाहुणे सूप कसे भुरकतात ते मला प्रथमच नीट ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं यादीतलं पहिलं नाव लावलं. आवाज आला. पियानो म्हणजे पत्र्याच्या डब्यात सुटे खिळे आणि व्हायोलिन म्हणजे कानाशी डास. एक बाई माझ्याकडे बघून चक्क हातानं वारायला लागली.

तू ज्या मोठ्या कंपनीत असतोस तिथे असलीच पापं करतात असं तुझ्या वहिनीकडून कळलं. तेव्हा कुठलं नाव लावायचं ते एका कार्डावर लिहून पाठव. मॅनेजरला सांगतो. प्रवचन नको.

तुझा,
दादा

१० फेब्रुवारी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. रीत मलाही येते.

प्रवचन नको म्हणालास, म्हणून मुद्दाम देतो.

मिडी म्हणजे आवाज नव्हे. लंबूसमोर तू नोटेशनचा कागद ठेवायचास ना, तो कागद. हा स्वर आता सुरू कर, एवढ्या जोरानं, आता थांबव, इतकंच त्यात असतं. कागद स्वतः वाजत नाही, कुणीतरी तो वाजवावा लागतो. त्या पानावर तुम्ही निवडता तो वाजवणारा. एफएम म्हणजे असा वादक, ज्यानं जन्मात पियानो पाहिला नाही, फक्त पियानोचं गणित घोकलंय. त्याच्याकडून डासच निघणार. वेव्हटेबलमध्ये खऱ्या वाद्यांचे स्वर आधी रेकॉर्ड करून कार्डात साठवलेले असतात आणि मागशील तेव्हा ते काढून दिले जातात. एक्स्टर्नल पोर्ट म्हणजे बाहेर जोडलेल्या वाद्याला हुकूम पाठवायचा. तुमच्याकडे बाहेर काही जोडलेलंच नाही, म्हणजे तुझा मॅनेजर संध्याकाळभर रिकाम्या खोलीला हुकूम सोडत होता. तुमच्या हॉटेलात ते नवीन नसावं.

तेव्हा कंट्रोल पॅनेल उघड, मल्टिमीडियात जा, मिडीचं पान काढ, वेव्हटेबल निवड, ओके दाब. संपलं. कुत्र्याला शिकवलं तरी जमेल, मॅनेजरला जमायला हरकत नाही.

आता मी एक विचारू? मी माझा की-बोर्ड आणला होता तेव्हा भर हॉलमध्ये तू तो स्टेजवरून खाली उतरवायला लावलास. "बॅटरीच्या खेळण्याला माझ्या स्टेजवर जागा नाही." लोक चमचे खाली ठेवून बघत होते. मी त्याच आठवड्यात गाव सोडलं. आणि आज त्याच स्टेजवर खोका बसलाय आणि तू त्याचा शेंबूड पुसायला मला पत्रं लिहितोयस. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आमची कंपनी अशाच कार्डांसाठी लागणारे आवाज तयार करते. मोठा स्टुडिओ आहे, श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी वेळ काढून लिहिलंय, याची नोंद घे.

वहिनीला नमस्कार. तो मात्र मनापासून.

धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

तुझं पांडित्य पोचलं. मॅनेजरनं वेव्हटेबल लावलं. पियानो आता पियानोसारखा वाजतो, दुर्दैवानं.

सारखा म्हणतोय मी. प्रत्येक स्वर इस्पितळातल्या चादरीसारखा धुतलेला. माणूस पियानोला हात लावतो तेव्हा कुठे करंगळी दमलेली असते, कुठे अंगठा जास्त शहाणपणा करतो. इथे सगळी बोटं एकाच मापाची. बास बरा आहे, कारण बासकडे कुणी लक्ष देत नाही. व्हायोलिनं एकाच माणसानं एकाच दुपारी जांभया देत वाजवल्यासारखी आहेत. बासरीला श्वास सुरू होताना ऐकू येतो, पण संपताना येत नाही. म्हणजे ही बाई आत घेतलेली हवा सोडतच नाही. फुगून मरेल एक दिवस. तुमच्या मोठ्या स्टुडिओत कान धुऊन बसणारं कुणी नाही का?

पाहुण्यांचं म्हणशील तर त्यांना काही कळत नाही. खोका पहिल्यांदा नीट वाजला त्या दिवशी मॅनेजर एका टेबलापाशी वाकून विचारत होता, "संगीत कसं वाटतंय?" गृहस्थ म्हणाले, "मटण जरा वातड आहे."

आता अडचण ऐक. ठोक्यांच्या जागी ठोके येत नाहीत. ड्रमच्या ऐवजी पियानोवर कुणीतरी मांजर पळवतंय असं वाटतं. ढोल्या रजेवर आहे म्हणून ड्रमही खोक्यातून काढावे लागतात. मॅनेजरनं फ्लॉपीवर तयार चाली विकत आणल्यात, त्यातल्या जुन्या सगळ्यांत हे मांजर आहे. नव्यांत नाही. हे काय असतं ते कळव. थोडक्यात.

दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादा,

थोडक्यात: वाद्यांना सोळा चॅनेल, म्हणजे सोळा खुर्च्या असतात, आणि ड्रमसाठी दहावा चॅनेल राखून ठेवलेला असतो. जुन्या चालींमध्ये ड्रम सोळाव्यावर लिहीत. तुमच्या कार्डाला सोळावा म्हणजे साधी खुर्ची वाटते, म्हणून तिथे आलेले ठोके ते पियानोवर बडवतं. चाल उघड, सोळाव्यावरचं उचलून दहाव्यावर ठेव, मांजर मरेल.

आता जरा सविस्तर. ढोल्या रजेवर? दादा, हा माणूस स्वतःच्या लग्नात नवरीला बाजूला बसवून ड्रम वाजवत होता. त्याला रजा हा शब्द तरी माहीत आहे का? सरळ सांग, त्यालाही काढला.

आणखी एक. "बासरीला श्वास संपताना ऐकू येत नाही", हे तुझ्या मॅनेजरच्या बापालाही कळणार नाही. चालींमधल्या जुन्या-नव्या कुठल्या ते मॅनेजर सांगत नसतो. तो खोका तूच चालवतोस. शेजारी बसून त्याची बटणं दाबतोस, आणि पत्रात मात्र 'मॅनेजर, मॅनेजर'. माझ्या की-बोर्डला एक संध्याकाळ जागा दिली असतीस तर आज शाळकरी प्रश्न विचारावे लागले नसते.

धाकटा

२० मार्च

चि. धाकट्या,

मांजर मेलं. हो, मीच चालवतो. मॅनेजरनं माऊस उलटा धरलेला मी पाहिलाय, त्याच्या हाती काय देणार? ढोल्यालाही काढलाय. झालं तुझं समाधान?

एक अडचण आहे आणि ती गंभीर आहे. चाल भरात आली, सगळी वाद्यं एकदम लागली, की चौथा ट्रॅक मधूनच गायब होतो. विशेषतः लांब स्वर धरलेला असला की मध्येच कापला जातो, सुरीनं कापावा तसा. आवाज वाढवून पाहिला, उपयोग नाही. कार्ड बिघडलंय का? परत निवड बदलायची का? शनिवारी हॉटेलात मोठी मेजवानी आहे, त्याआधी हे सुटलं पाहिजे. कृपया लगेच लिही.

दादा

२७ मार्च

ती. दादा,

तुझं पत्र शनिवार उलटून गेल्यावर मिळालं. मेजवानीत काय झालं असेल ते झालं असेल.

कार्डाला काही झालेलं नाही. त्याला एका वेळी ठरावीकच स्वर वाजवता येतात. त्याहून जास्त मागितले की ते एखादा चालू स्वर मारून नव्याला जागा देतं. जुना, लांब धरलेला स्वर पहिला बळी. पियानोचा पेडल चालीत दाबून ठेवलेला असेल तर तो सोड, निम्मी गर्दी तिथेच आहे. आणि जो ट्रॅक वाचवायचाय तो पहिल्या चॅनेलवर आण. वरच्यांना मान असतो, खालचे आधी मरतात. जगात इतरत्रही असंच असतं.

हे झालं तंत्राचं. आता माझं.

तू आयुष्यात प्रथम मला 'कृपया' लिहिलंस. ते वाचून मी पत्र पुन्हा वाचलं. पियानो, बास, ड्रम. तीन झाले. चौथा कोण? व्हायोलिन-बासरीसाठी तू 'कृपया' लिहिणार नाहीस. लांब स्वर धरणारा कोण? तुमच्या तिघांत लांब स्वर धरणारा एकच होता, आणि तो स्टेजवर हजर आहे, हातात क्लॅरिनेट घेऊन. मग खोक्यातली क्लॅरिनेट कापली गेली तर त्याला घाम का फुटावा?

म्हणजे तू वाजवत नाहीस. काळा कोट घालून, नळी तोंडात धरून, बोटं हलवत बसतोस आणि खोका वाजतो. दादा, तू? बॅटरीच्या खेळण्याला ज्याच्या स्टेजवर जागा नव्हती तो? इतका आळस चढला? की पाहुण्यांना काही कळत नाही म्हणून फुकट दम कशाला घालवा, असा हिशेब? मी तुझा राग राग केला, पण तुझ्या वाजवण्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. आता तोही काढायला मोकळा झालो.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

धाकटा

३० एप्रिल

चि. धाकट्या,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण आळशी म्हणालास ते घशाखाली उतरेना.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी दाढी करताना आरशात माझा अर्धा चेहरा खाली आला. चहा प्यायलो तर शर्टावर. डॉक्टर म्हणाले, नस आखडली आहे, येईल परत. आली. डोळा मिटायला लागला, गाल जागेवर आला, तुझी वहिनी म्हणाली सुटलो. पण खालच्या ओठाचा उजवा कोपरा काही आला नाही. बोलताना कुणाला कळत नाही. क्लॅरिनेट तोंडात धरली की कळतं. तिथून हवा गळते. खालचे स्वर कसेबसे निघतात, वरच्यांना फुस्स होतं, सायकलच्या ट्यूबसारखं.

काही महिने मी रेटलं. वरचे स्वर टाळायचे, चाली खालच्या पट्टीत घ्यायच्या. पण लंबू हातभर अंतरावर बसलेला. आज ना उद्या तो मान वळवणार आणि माझ्या ओठाकडे बघणार, या भीतीनं मला जेवण जाईना. तेवढ्यात मासिकात या कार्डाची जाहिरात पाहिली. मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, "दोन पगार वाचतील, पाहुण्यांसाठी मी एकटा दिसायला पुरे." तो माणूस पैशाचं नाव ऐकताच उभा राहिला. नारळ मॅनेजरनं दिला हे खरं, पण सोलून त्याच्या हातात मी ठेवला होता.

मॅनेजरला वाटतं मी खोक्याबरोबर खरंच वाजवतो. चौथा ट्रॅक मी स्वतः भरलाय. हॉल रिकामा असताना, माऊसनं, एकेक स्वर. माझी उशिरा येण्याची सवय, स्वराला खालून घसरत जाऊन गाठायची खोड, सगळं त्यात घातलं. कागदावरच्या माणसासारखा मी आता त्या खोक्यात आहे आणि बाहेरच्या माझ्यापेक्षा बरा वाजवतोय.

तुला पाहुण्यांची गंमत सांगतो. परवा एका गृहस्थांनी येऊन माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. "तुमच्यासारखा दम आता कुणात राहिला नाही." दम! त्या वेळी मी आरामात नाकानं श्वास घेत होतो. या लोकांसाठी मी आयुष्यभर ओठ झिजवला.

घरी ओठाचं माहीत आहे, खोक्याचं नाही. तू लिहू नकोस.

दादा

७ मे

ती. दादा,

पहिलं पान वाचलं आणि उठून नळाखाली तोंड धुऊन आलो. मला ओठाचं काही माहीत नव्हतं आणि मी तुला नको ते बोललो. त्याबद्दल क्षमा माग म्हणशील तर मागतो.

मग दुसरं पान वाचलं. त्याबद्दल मागणार नाही.

तुझा ओठ गळत होता. लंबूच्या बोटांना काय झालं होतं? ढोल्याच्या मनगटाला काय झालं होतं? आपल्या बिघाडाला कोणी साक्षीदार नको, म्हणून दोन धडधाकट माणसं तू घरी बसवलीस. माझा की-बोर्ड निदान उघड खाली उतरवलास. यांना तर तू मॅनेजरच्या आडून मारलंस आणि वर मला पत्र लिहिलंस, "लंबूला त्यानं नारळ दिला." त्यानं! पाहुण्यांना नावं ठेवतोस. ते बिचारे पैसे देऊन फसतायत. मूर्ख असतील, पण तुझ्याइतके लबाड नाहीत.

त्यांच्याकडे जा. दोघांकडे. तोंडानं सांग. तोपर्यंत मला खोक्याबद्दल एक अक्षर विचारू नकोस. मी सांगणार नाही.

धाकटा

२ जून

चि. धाकट्या,

खोक्याबद्दल काही विचारायचं उरलं नाही. सगळं एकदम संपलं.

मागच्या रविवारी हॉल भरलेला होता. शेवटची चाल चालू होती आणि तिच्या शेवटाला चौथ्या ट्रॅकवर एक लांब स्वर आहे. बाकीची वाद्यं गप्प होतात, तो एकटा राहतो, हळूहळू विरतो. मी डोळे मिटून तो धरला. म्हणजे धरल्याचं नाटक केलं. मोजून सोडला, क्लॅरिनेट मांडीवर ठेवली, मान झुकवली.

स्वर चालूच.

विरेना, थांबेना. पडद्यावरचा बाण गोठलेला, एकही बटण चालेना. तू लिहिलं होतंस तसं, सुरू कर हा हुकूम गेला होता आणि थांब हा मध्येच अडकला होता. मी पुन्हा नळी तोंडाला लावली, पण किती वेळ लावणार? माणसाचा श्वास केव्हाच संपला असता. पुढच्या टेबलावरची म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "अहो, तुम्ही खाली ठेवलीत तरी वाजतेय की!"

आधी एकजण हसला, मग सगळे. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ते माझ्या हाताला धरून रडलेले गृहस्थही तिथे होते. त्यांनी नॅपकिननं तोंड पुसलं आणि खुर्ची फिरवून पाठ केली. मॅनेजर धावत आला आणि त्यानं भिंतीतून वायर उपटली, तेव्हा ती बया गप्प झाली.

मग तो माझ्या कानाशी म्हणाला, "उद्यापासून बसायची गरज नाही. खोका एकटा वाजेल, कोटाच्या धुलाईचा खर्चही वाचेल." खोका आणायला मीच त्याला शिकवलं होतं. धडा त्यानं उत्तम गिरवला.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगितलंत, आता ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगा." तिनं तुझं पत्र वाचलेलं नाही, तरी शब्द तेच.

ढोल्याकडे आधी गेलो, तो सोपा म्हणून. तो शाळेची बस चालवतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला वाटलंच. बस बरी आहे रे, पोरं तुझ्यापेक्षा तालात ओरडतात." गडी हसला. मला हसू आलं नाही.

लंबूनं दार उघडलं, पण उंबऱ्यात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. मी ओठापासून सुरुवात केली. त्यानं हात वर केला.

"ओठाचं मला सांगू नकोस. तुझ्याआधी मला कळलं होतं."

"कसं?"

"हातभर अंतरावर बसत होतो. वरचे स्वर तुला निघेनात, तेव्हा ते उजव्या हातानं मी वाजवत होतो. तुझ्या स्वराच्या अंगावर माझा स्वर ठेवायचो, म्हणजे तुझं फुस्स झाकलं जायचं. महिनोन् महिने. तुला काय वाटलं, पाहुणे बहिरे होते?"

धाकट्या, मला तेव्हा वाटायचं की लंबू माझ्यावर कुरघोडी करतोय. माझ्या जागेत घुसून आपला हात दाखवतोय. मॅनेजरला मी हेही सांगितलं होतं, की पियानोवाला हल्ली फार डोईजड झालाय.

ते मी लंबूला सांगितलं. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो, म्हणून तेही.

त्यानं दाराची कडी हातात धरली. मग म्हणाला, "विचारलं असतंस तर मरेपर्यंत झाकलं असतं. आता जा." आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तू म्हणालास तसं केलं. शाबासकी नको.

दादा

८ जून

ती. दादा,

शाबासकी देत नाहीये.

आता माझं ऐक. मोठी कंपनी, मोठा स्टुडिओ, हे मी वहिनीला लिहीत आलो, तुझ्या कानावर जावं म्हणून. कंपनी म्हणजे एका छापखान्याखालचं तळघर. वर यंत्र सुरू झालं की आम्ही रेकॉर्डिंग थांबवतो. मी आणि एक इंजिनियर बाई, एवढीच कंपनी. आम्ही खऱ्या वाद्यांचे स्वर रेकॉर्ड करतो आणि कार्डं बनवणाऱ्यांना विकतो. श्वास घ्यायला भरपूर फुरसत असते.

तुझी फेब्रुवारीची पत्रं मी त्या बाईंना वाचून दाखवली. फक्त वाद्यांबद्दलचा भाग. बासरीच्या श्वासाचं ऐकून त्या उठल्या, आमची बासरी लावली आणि डोक्याला हात लावून बसल्या. आमचीही श्वास सोडत नाही. आम्ही मशीनवर मोजून सगळं बरोबर ठरवलं होतं. "या माणसाला घेऊन या, कितीही खडूस असू दे," म्हणाल्या.

तुझा ओठ नको आहे, कान हवेत. दिवसभर बसायचं आणि आम्ही केलेल्या प्रत्येक आवाजाला नावं ठेवायची. हे काम तू फुकट करत आलास, इथे पगार मिळेल, फार नाही. दया म्हणून बोलावतोय असं मनात आणू नकोस. तुझी दया यायला मला अजून वर्षं लागतील. तुझ्याबरोबर एका खोलीत बसायच्या कल्पनेनंच माझं डोकं उठतंय.

पियानोचंही नवं रेकॉर्डिंग करायचंय. एकाच मापाच्या बोटांचा नकोय. वादक अजून ठरलेला नाही.

धाकटा

२४ जून

चि. धाकट्या,

आशीर्वाद.

तुझी शेवटची ओळ वाचली आणि पत्र खिशात घालून लंबूकडे गेलो. त्यानं पुन्हा उंबऱ्यातच उभं केलं. मी पत्र पुढे केलं. त्यानं ते सबंध वाचलं. तू माझ्याबद्दल लिहिलेल्या जागी त्याची मान दोनदा हलली.

"तू असशील तिथे?" त्यानं विचारलं.

"असेन. पण तू वाजवताना मी बाहेर थांबेन."

"बाहेर नको," तो म्हणाला, "आत थांब. चुकीचं वाजलं तर सांगणारा लागेल. पण माझ्याशी दुसरं काही बोलायचं नाही."

मी कबूल केलं. इतकं स्वस्तात मिळेल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या तळघराबद्दल माझं मत मी तिथे आल्यावर देईन. छापखान्याखाली आवाज रेकॉर्ड करणारा माणूस माझा भाऊ आहे हे लोकांना सांगायची सोय नाही. तुझी वहिनी घर आवरून पुढच्या महिन्यात येईल, तिच्यासाठी उजेडाची खोली बघ.

आम्ही रविवारच्या सकाळच्या गाडीनं निघतोय. एकाच गाडीनं. तो पुढच्या डब्यात बसणार आहे आणि मी मागच्या, तशी त्याची अट आहे. तुला आधी मी दिसेन, कारण मागचा डबा स्टेशनच्या दाराशी लागतो. माझ्यासाठी थांबू नकोस. सरळ पुढे जा आणि आधी त्याची बॅग उचल.

दादा